स्टर्लिंगचं वॉलेस स्मारक एका दिवसात, वडिलांच्या गुडघ्यांसह

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या मध्यात आई-वडील पुण्याहून एडिनबर्गला येताहेत. वडील एकाहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुर करतात, पण इतिहासाचं वेड. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा. स्टर्लिंगचा किल्ला आणि वॉलेस स्मारक एका दिवसात होईल का? स्मारकाच्या २४६ पायऱ्या वडिलांना झेपतील का? आणि झेपणार नसतील, तर खालून नुसता मनोरा बघायला तिथवर जायचं कशाला?

पहिल्याचं उत्तर: होईल, क्रम नीट लावला तर. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या वडिलांचे गुडघे चढताना दुखतात की उतरताना, यावर आहे. त्याकडे पुढे येतो. खरा प्रश्न तिसरा आहे. बहुतेक लोक हे स्मारक म्हणजे एक जिना समजतात. वर गेलो तर पाहिलं, नाही तर राहिलं. तसं नाही. इथे बघायची वस्तू मनोरा नसून ती जागा आहे, आणि जागा समजून घ्यायला एकही पायरी चढावी लागत नाही. जिना चढलात तर तीच गोष्ट वरून, जास्त स्वच्छ दिसते, इतकंच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मनोरा मध्ययुगीन नाही. इंग्लंडविरुद्ध लढलेला स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस तेराव्या शतकातला, मनोरा एकोणिसाव्या शतकातला, लोकवर्गणीतून बांधलेला. ग्लासगोचा वास्तुविशारद जॉन थॉमस रोशेड याच्या आराखड्यावर २४ जून १८६१ ला पायाभरणी झाली आणि ११ सप्टेंबर १८६९ ला तो लोकांसाठी उघडला. दोन्ही तारखा मुद्दाम निवडलेल्या आहेत. २४ जून हा स्कॉट लोकांनी इंग्रजांवर जिंकलेल्या १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईचा दिवस, ११ सप्टेंबर हा १२९७ च्या स्टर्लिंग पुलाच्या लढाईचा. उंची ६७ मीटर, दगड वालुकाश्म, डोक्यावर दगडी मुकुट. स्मारक कुठे व्हावं यावरून एडिनबर्ग आणि ग्लासगो यांच्यात बरीच ओढाताण झाली होती. स्टर्लिंग हा मधला मार्ग निघाला. माझ्या मते तो योगायोगानं सर्वांत बरोबर निर्णय ठरला. वॉलेस मूळचा स्टर्लिंगचा नव्हे, पश्चिमेकडचा, एका छोट्या जमीनदाराच्या घरातला. पण त्याचं नाव झालं ते याच नदीकाठी.

मनोरा ज्या टेकडीवर आहे तिचं नाव ॲबी क्रेग. मैदानातून एकदम वर आलेला काळ्या कठीण दगडाचा कडा. समोर नैर्ऋत्येला, तशाच दुसऱ्या कड्यावर स्टर्लिंगचा किल्ला. दोघांच्या मधे फोर्थ नदी सापासारखी वळणं घेत जाते, आणि मधल्या सपाट जमिनीला तिकडे कार्स म्हणतात. आज तिथे घरं, रस्ते, शेतं आहेत. तेव्हा ती दलदल होती. नदी ओलांडून उत्तरेला जायचं तर स्टर्लिंगच्या अरुंद लाकडी पुलावरून, आणि पुलापासून या टेकडीच्या पायथ्यापर्यंत चिखलातून नेलेल्या एका उंचवट्याच्या वाटेवरून. पायथ्याच्या वस्तीला आजही कॉजवेहेड, म्हणजे बांधवाटेचं टोक, म्हणतात.

लढाई समजायला एवढा नकाशा पुरे. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं स्कॉटलंड ताब्यात घेतलं. पुढच्या वर्षी दक्षिणेत वॉलेस आणि उत्तरेत अँड्र्यू मरे असे दोघे उठले, एकत्र आले आणि ॲबी क्रेगच्या अंगाला दबा धरून बसले. पलीकडे सरेचा अर्ल जॉन द वॉरेन आणि खजिनदार ह्यू द क्रेसिंगहॅम मोठी फौज घेऊन उभे. पुलावरून एका वेळी दोनच घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकत. वरच्या अंगाला नदी उथळ आहे, तिथून बरेच जण एकदम पार होतील, असं त्यांच्याच बाजूच्या एका स्कॉटिश सरदारानं सुचवलं होतं. क्रेसिंगहॅमला मोहिमेचा खर्च वाढवायचा नव्हता. फौज पुलावरून येऊ लागली. स्कॉट लोक थांबले. पुरेसे शत्रू अलीकडे आले, पण सगळे नाही, असा क्षण साधून ते खाली धावले आणि पुलाचं तोंड अडवलं. अलीकडे अडकलेल्यांच्या तिन्ही बाजूंना नदीचं वळण, पायाखाली चिखल, जड घोडदळ निरुपयोगी. पलीकडचे नुसते बघत राहिले. क्रेसिंगहॅम मारला गेला. मरे जखमी झाला आणि त्यातच पुढे वारला. म्हणून सगळं नाव वॉलेसच्या वाट्याला आलं, हा मरेवर थोडा अन्यायच. (‘ब्रेव्हहार्ट’ या गाजलेल्या हॉलिवूडपटात ही लढाई उघड्या मैदानात होते, पूल नाहीच. मुलानं तो पाहिला असेल तर आधीच सांगून ठेवा.)

म्हणून माझा सल्ला: दिवसाची सुरुवात पुलापासून करा, स्मारकापासून नाही. आजचा जुना दगडी पूल, चार कमानींचा, पंधराव्या-सोळाव्या शतकातला आहे. लढाईतला लाकडी पूल यापासून थोडा वरच्या अंगाला होता. त्याच्या खांबांचे अवशेष नदीच्या तळाशी सापडलेत. दगडी पुलावर आता फक्त पायी जाता येतं, आणि त्याच्या मध्यावर उभं राहिलं की एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला ॲबी क्रेगवरचा मनोरा दिसतो. तिथे वडिलांना दहा मिनिटं उभं राहू द्या. ‘वॉलेस त्या टेकडीवर, इंग्रज आपल्या पाठीशी’ एवढं बोट दाखवून सांगितलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. हे न करता थेट मनोऱ्यावर गेलेली माणसं वरून सुंदर देखावा बघून येतात. लढाई त्यांना दिसतच नाही.

एडिनबर्ग वेव्हर्लीहून स्टर्लिंगला थेट गाड्या आहेत, साधारण पन्नास मिनिटं लागतात. तुम्ही हेमार्केटच्या बाजूला राहत असाल तर तिथूनच बसा, वेव्हर्लीचे चढउतार वाचतील. साडेआठ-नऊची गाडी धरा. स्टर्लिंग स्थानकाबाहेर टॅक्सी मिळते. जुन्या पुलापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं आहेत, वाट सोपी आहे. पण वडिलांचं चालणं दिवसभरासाठी राखून ठेवायचं असेल तर इथेच टॅक्सी करा. पुलापासून स्मारकाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता दोनेक किलोमीटरचा आणि सपाट, साधारण त्या जुन्या चिखलवाटेच्याच दिशेनं जाणारा. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तुमच्यापैकी एकानं तो चालावा, दुसऱ्यानं आई-वडिलांना गाडीनं न्यावं. मुलाला इंग्रज सैन्य करा. शाळेत नुसतं ऐकलेलं विसरतो, चाललेलं विसरत नाही.

पायथ्याशी वाहनतळ, तिकीटघर, कॉफीची जागा आणि स्वच्छतागृह आहे. स्वच्छतागृहाचं काम इथेच उरकून घ्या, वर मनोऱ्यात तशी सोय धरून चालू नका. इथून मनोऱ्याच्या दारापर्यंत झाडीतून चढणीची वाट आहे: दहा-पंधरा मिनिटं, तब्येतीनं चालणाऱ्याला वीस. चढ छोटा, पण खडा आहे. गुडघ्यांची खरी परीक्षा पुष्कळदा इथेच होते आणि लोक मनोऱ्याशी पोचेपर्यंतच दमतात. अभ्यागतांना वर नेणारी मिनीबस असते. ती वडिलांसाठी घ्याच, संकोच करू नका. मात्र एखाद्या दिवशी ती बंद असू शकते, म्हणून निघण्याच्या सकाळी चौकशी करा आणि त्यावर दिवस ठरवा. मिनीबस नाही आणि वडिलांना चढ झेपणार नाही, असं झालं तर मनोऱ्याचा हट्ट सोडा आणि तो वेळ पुलाला व नदीपलीकडच्या कॅम्बसकेनेथ मठाला द्या. मठाचा बराचसा भाग आता फक्त पाया उरलाय, पण घंटेचा मनोरा उभा आहे, आणि तो खरोखर मध्ययुगातला आहे.

आता जिना. लिफ्ट नाही. दगडी, गोल, अरुंद जिना, आणि चढणारे-उतरणारे एकाच जिन्यावर. २४६ हा आकडा एकदम ऐकला की छाती दडपते, म्हणून तो फोडून सांगतो. पहिल्या दालनापर्यंत ७१ पायऱ्या, तिथून दुसऱ्या दालनापर्यंत ६४, तिथून तिसऱ्यापर्यंत ६२, आणि मग मुकुटापर्यंत शेवटच्या ४९. म्हणजे एका दमात सर्वांत मोठा टप्पा ७१ चा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर बघत बघत श्वास घ्यायला मोठी खोली. पर्वतीच्या पायऱ्या १०३; पण त्या रुंद, मोकळ्या, हव्या तिथे थांबता येणाऱ्या. इथे मधेच थांबलात तर मागे रांग लागते. वडिलांना पर्वती आजही न थांबता जमत असेल तरी इथलं अनुमान त्यावरून काढू नका.

त्यापेक्षा घरी ही चाचणी करा. सोसायटीच्या जिन्यानं चार मजले चढायचे, पाच मिनिटं बसायचं, परत चार. असं तीनदा चढून झालं की एक जास्तीचा मजला, आणि मग तेवढेच मजले एका तासाच्या आत उतरायचे. आपल्याकडच्या एका मजल्याला साधारण अठरा-वीस पायऱ्या धरल्या तर हिशेब जवळपास तोच होतो. चढताना धाप लागली तर काळजी नाही, दालनं त्यासाठीच आहेत. उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली किंवा पाय लटपटले तर मात्र मुकुटाचा नाद सोडा. गोल जिन्यात वळण सतत एकाच दिशेला असतं, त्यामुळे उतरताना आतल्या बाजूच्या गुडघ्यावर दर पायरीला तोच ताण पुन्हा पुन्हा येतो. सरळ जिन्यात तो वाटला जातो, इथे नाही. लोक वर छान पोचतात आणि खाली आल्यावर उरलेला दिवस बसून काढतात, त्याचं कारण हे.

जायचंच ठरलं तर काही बारीक गोष्टी. पायरी आतल्या खांबाकडे निमुळती आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद असते. उतरताना वडिलांनी बाहेरची बाजू सोडायची नाही, समोरून येणाऱ्याला ‘तुम्ही थांबा’ म्हणायचं. तिकडे कोणी वाईट वाटून घेत नाही. पाठीवर सॅक नको, वळणावर ती भिंतीला आणि मागच्याच्या तोंडाला लागते. पाणी आणि फोन खिशात, बाकी सामान खाली राहिलेल्याकडे. जाड तळाचे स्पोर्ट्स शूज नेमके इथे अडचण करतात, पाऊल पायरीवर पूर्ण बसत नाही. काठी एका हातात धरली तर तोल सावरायला दुसराच हात उरतो, म्हणून तीही खाली. मुलगा पुढे पळणार. त्याला वडिलांच्या पुढे नाही, तुमच्या पुढे ठेवा, आणि वडिलांच्या मागे कोणीतरी मोठं माणूस असू द्या. उतरताना उलट, मोठं माणूस पुढे. बंद जागेची भीती वाटणाऱ्याला हा जिना सोसवत नाही, हे आईलाही विचारून घ्या.

माझा साधा नियम: वडिलांनी पहिल्या दालनापर्यंतच्या ७१ पायऱ्या कराव्यात, तिथे बसावं, आणि तिथूनच ठरवावं. परत फिरायला लाज नाही, जिना तोच आहे.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण लढाईचं कथन तिथल्या मांडणीत चांगलं आहे आणि ते तुम्ही वाचालच. दोन गोष्टींपाशी थांबा. एक म्हणजे वॉलेसची म्हणून ठेवलेली तलवार. लांबी १.६३ मीटर, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा नक्की उंच. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. दोन्ही हातांनी चालवायची. ती १८८८ मध्ये डंबार्टन किल्ल्यातून इथे आली आणि नंतर १९३६ आणि १९७२ असं दोनदा स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी ती पळवली. ती खरोखर वॉलेसच्या हातातली आहे का, यावर जाणकार मान हलवतात. मूठ, म्यान वगैरे १५०५ मध्ये चौथ्या जेम्स राजानं नवं करवून घेतल्याची नोंद आहे, आणि पात्यावरही नंतरच्या काळाचे हात दिसतात. वडील इतिहासाचे असतील तर हा मुद्दा त्यांना तलवारीपेक्षा जास्त आवडेल: एखादी वस्तू खरी असो-नसो, लोकांनी ती इतकी शतकं खरी मानून जपली, यातही इतिहास आहेच.

दुसरी गोष्ट, हॉल ऑफ हीरोज. इथे स्कॉटलंडच्या नामवंतांचे संगमरवरी अर्धपुतळे मांडलेत: रॉबर्ट द ब्रूस, कवी रॉबर्ट बर्न्स, वॉल्टर स्कॉट, ॲडम स्मिथ, जेम्स वॅट, लिव्हिंगस्टन. योद्ध्याच्या स्मारकात अर्थशास्त्रज्ञ आणि वाफेच्या इंजिनाचा माणूस कशाला, असं वाटेल. स्मारक बांधणाऱ्यांना तेराव्या शतकातल्या लढाईतून एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडचा मान सिद्ध करायचा होता, हे इथे उघड दिसतं. शंभराहून जास्त वर्षं त्या रांगेत एकही बाई नव्हती. अलीकडे लोकांचं मत घेऊन मिशनरी मेरी स्लेसर आणि कर्करुग्णांसाठीच्या केंद्रांची कल्पना मांडणारी मॅगी केसविक जेंक्स या दोघींची भर पडली. चेहऱ्यांच्या यादीत वेळ घालवू नका, पण ही निवड कशी झाली यावर वडिलांशी गप्पा मारायला ही खोली छान आहे.

मुकुटावर जो जाईल त्यानं आधी नैर्ऋत्येला बघावं. किल्ला लगेच ओळखू येतो, त्यातली एक मोठी इमारत पिवळसर रंगाची आहे, ती ग्रेट हॉल. किल्ल्याच्या अलीकडे नदी शोधा, तिची वळणं मोजू नका, पूल शोधा. तो सापडला की पूल ते टेकडी ही रेघ नजरेनं ओढा. लढाई त्या रेघेवर झाली. वर उभं राहिल्यावरच कळतं की पुलावरून कोण किती आलंय हे इथून माणूस मोजू शकतो, आणि केव्हा धावायचं हे ठरवायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. मग मागे वळा: ओखिल टेकड्यांची भिंत अगदी अंगावर येते. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे बेन लोमंड हा डोंगर. जागा उघडी आहे, वाऱ्याला आडोसा नाही. मे महिन्यातसुद्धा खाली स्वेटर पुरत असेल तर वर विंडचीटर लागतो. वारा फार असला की मुकुट बंद ठेवतात, म्हणून ‘मुकुट नक्की’ असं मुलाला आधीच कबूल करून बसू नका.

जे वर जाणार नाहीत त्यांचं काय? मिनीबसनं मनोऱ्याच्या दारापर्यंत आलं की टेकडीचा माथा गाठलाच. कड्याच्या किल्ल्याकडच्या बाजूला झाडांतून मोकळ्या जागा आहेत, तिथून किल्ला आणि नदीकाठ दिसतो. मुकुटाएवढा चौफेर नाही, पण लढाईच्या दिशेचा तोच. वॉलेसची माणसं मनोऱ्यावर नव्हतीच, या जमिनीवर होती. तेव्हा त्या अर्थानं खाली थांबणारेच खऱ्या जागी उभे असतात. मनोऱ्याच्या कोपऱ्यावर वर बसवलेला वॉलेसचा ब्राँझचा पुतळा (१८८७, शिल्पकार डी. डब्ल्यू. स्टीव्हन्सन) खालूनच चांगला दिसतो. मनोऱ्यामागे एका फार जुन्या किल्ल्याच्या तटाच्या खुणा आहेत, आगीत दगड वितळून एकमेकांना चिकटलेला तट. माहीत नसेल तर लक्षातही येत नाही. बसायला काहीतरी अंथरायला न्या, गवत बहुधा ओलं असतं.

क्रमाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. बहुतेक जण स्थानकावरून आधी किल्ल्यावर जातात, कारण तो गावाला लागून आहे. ते टाळा. किल्ल्यात दोन-तीन तास सहज जातात, तिथपर्यंतचा जुन्या गावातला रस्ताही चढाचाच आहे, आणि दुपारी चारला थकलेले पाय घेऊन कोणी ७१ पायऱ्यासुद्धा चढत नाही. दुसरं कारण उजेडाचं. स्मारकावरून किल्ला नैर्ऋत्येला. सकाळी ऊन पूर्वेकडून त्याच्या अंगावर पडतं आणि फोटो स्वच्छ येतो. दुपारनंतर तोच किल्ला सूर्याच्या बाजूला जाऊन काळी आकृती होतो. उलट किल्ल्यावरून स्मारकाचा फोटो दुपारनंतरच चांगला. म्हणजे सकाळी पूल आणि स्मारक, दुपारी किल्ला, अशानं दोन्ही फोटो मिळतात आणि पायही टिकतात.

वेळापत्रक साधारण असं बसतं: दहाच्या सुमारास स्टर्लिंग, सव्वादहाला पूल, पावणेअकरा-अकराला स्मारकाचा पायथा, दोन तास तिथे, एकनंतर जेवण, दोनच्या आत टॅक्सीनं किल्ला, पाचपर्यंत तिथे, मग उतारानं गावातून स्थानक. किल्ला उन्हाळ्यात संध्याकाळी सहापर्यंत उघडा असतो, पण शेवटचा प्रवेश त्याआधी बंद होतो. स्कॉटलंडात मेच्या मध्यात नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे अंधाराची घाई नाही. हाच बेत डिसेंबरात आखणाऱ्यांनी मात्र पावणेचारच्या सूर्यास्ताचा हिशेब करावा आणि दोन्हींपैकी एकच धरावं.

तिकिटांत एक खोच आहे. एडिनबर्ग आणि स्टर्लिंग हे दोन्ही किल्ले हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेकडे आहेत, आणि त्यांचा एक्सप्लोरर पास दोन्हीकडे चालतो. वॉलेस स्मारक त्यांच्याकडे नाही. तिथे तो पास दाखवून उपयोग नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. आणि तिकीट मनोऱ्याच्या आत जाण्याचं आहे. टेकडीवर फिरायला, मनोरा बाहेरून बघायला पैसे नाहीत. आई-वडिलांचं नक्की नसेल तर त्यांचं तिकीट ऑनलाइन आधी काढून ठेवू नका, पायथ्याशी ठरवा. मिनीबस तिकीट नसलेल्यांना घेते का, हे सकाळच्या त्याच चौकशीत विचारून घ्या.

किल्ल्याच्या बाहेरच्या मैदानावर हातात तलवार घेतलेला जो दगडी राजा उभा आहे, तो वॉलेस नव्हे. तो रॉबर्ट द ब्रूस, बॅनकबर्नचा विजेता. वॉलेस म्हणून त्याच्यासोबत काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर भरपूर फिरतात. वॉलेसचा एक पुतळा गावात किंग स्ट्रीटच्या माथ्यावर, जुन्या ॲथेनियम इमारतीच्या दारावर आहे. किल्ल्यावरून स्थानकाकडे उतरताना वाटेत दाखवता येईल. वडिलांना पुढची हकीकत ठाऊक असेलच: १२९८ मध्ये फॉकर्कला पराभव, १३०५ मध्ये ग्लासगोजवळ पकडला गेला, आणि २३ ऑगस्टला लंडनमध्ये हालहाल करून मारला. स्टर्लिंगच्या किल्ल्यात आज दिसतं ते बहुतेक बांधकाम त्यानंतर दोन-अडीच शतकांनी उभं राहिलेलं, तेव्हा तिथे वॉलेसच्या खोल्या शोधू नका.

जेवणाचं: आई-वडील शाकाहारी असतील तर सूपबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नका. तिकडचं मसुरीचं सूप दिसायला आपल्या आमटीसारखं असतं, पण ते परंपरेनं डुकराच्या हाडाच्या रश्शात शिजवतात. शाकाहारी करणारे पुष्कळ आहेत, विचारलं की सांगतात. भाजलेला मोठा बटाटा, वर चीज किंवा बीन्स, हा पोटभरीचा आणि बिनधोक पर्याय. घरून दशम्या किंवा थेपले नेले तर टेकडीच्या पायथ्याशी बाहेर बसून खाता येतात. छत्री नेऊ नका, त्या वाऱ्यात ती उलटतेच. टोपीचं जाकीट न्या.

आणि ढग असतील तर? पायथ्याशी उभं राहून वर बघा. मनोऱ्याचा मुकुट स्पष्ट दिसत असेल तर वरून किल्लाही दिसेल, चढा. मुकुटच ढगात असेल तर मुलाला घेऊन दुसऱ्या दालनापर्यंत म्हणजे १३५ पायऱ्या करा आणि खाली या. उरलेल्या १११ पायऱ्यांच्या शेवटी फक्त पांढरं धुकं आहे.